कुशीवर म्हणालात, कुशीत ऐकलं

मॅडम,

तुम्ही गेल्याचं शिल्पा सिस्टरांनी फोनवर सांगितलंनी तेव्हा मी भात वेळत होत्ये. खरं सांगत्ये, माझ्या तोंडातनं पहिलं काय आलं तर, उद्या गोळी कोण देणार? तुम्हाला त्रास झाला का, जवळ कोण होतं, हे काय विचारायचं सुचलंच नाय. सिस्टर म्हणाल्या माहीत नाय गो, आणि फोन ठेवलानी. मी तशीच उभी, पेज सगळी कट्ट्यावर सांडली, आणि माझी पोरगी स्वरा पायाला धरून ओरडत्येय.

तुम्ही असतात तर हसला असतात. बघा, हिला माझ्यापेक्षा गोळीची काळजी, असं सिस्टरांना सांगितलं असतंत.

सिस्टर आता म्हणतात शोकसभेत तू बोल. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की धाप लागते, तुम्हाला माहीत आहे. शाळा आठवीत सुटली, तेव्हा लिहायचंही कठीणच, पण लिहिताना कोण तोंडाकडे बघत नाय. म्हणून लिहून देत्ये. कोणीतरी वाचा.

पेपरात तुमच्याबद्दल आलंय. कुठे शिकलात, कुठल्या समितीवर होतात, सगळं. विषबाधा, अपघात आणि अमली पदार्थ प्रतिबंधाच्या जिल्ह्याच्या प्रमुख, असं लिहिलंनी. फोटो जुना लावलानी, त्यात तुम्ही बारीक दिसताय आणि केस काळे. मला कोणा दुसऱ्याच बाईबद्दल वाचल्यासारखं वाटलं. आमच्या आवाठात, म्हणजे वाडीत, तुम्हाला एवढं लांब कोण म्हणत नव्हतं. तुम्ही झाकणवाल्या मॅडम.

पहिल्यांदा आलात तेव्हा स्वरा नुकती रांगायला लागलेली. आरोग्याच्या कामाची आशाताई पुढे आणि तुम्ही मागे, आणि आल्या आल्या पाणीबिणी न घेता सरळ स्वैपाकघरात. सासूबाई तर बघतच राहिल्या, ही कोण बाई आमच्या फळीवरच्या डबेबाटल्या उचकत्येय. तुम्ही दोन बाटल्या काढलात. दोन्ही कोल्ड्रिंकच्या, एकसारख्या. एकीत कोकमाचं आगळ होतं, माझ्या माहेरनं राजापूरकडनं आलेलं, आणि दुसरीत इंजिनाचं जळकं ऑइल, होडीच्या लाकडाला लावायला माझ्या नवऱ्याने, संदेशने, आणून ठेवलेलं. दोन्ही काळपट. तुम्ही सासूबाईंना विचारलंत, ह्यातलं सोलकढीत कुठलं घालता? सासूबाईंना राग आला. म्हणाल्या, वास घेतला की कळतं आम्हाला. तुम्ही स्वराकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, ही आधी तोंडात घालणार आणि मग वास घेणार.

मग झाकणाचं सुरू झालं. ऑइलच्या बाटलीला पक्कं झाकण आणि जागा घराबाहेर, उंदराचं औषध कुलपात, टाकीला झाकण, वाटेवरच्या विहिरीला झाकण. विहिरीवरची जाळी किती वर्षं तुटलेली, पोरं तिच्यावरनं उड्या मारायची, तुम्ही ग्रामपंचायतीत जाऊन बसलात ते जाळी येईपर्यंत जातच राहिलात. बंदरावरची माणसं तुम्ही दिसलात की म्हणायची, झाकणवाली आली, तोंडं झाका. एकदा संदेशच बोलला मित्रांत, ह्या बाई उद्या दर्याला पण झाकण लावा म्हणतील. तुम्ही पुढे गेलेल्या, तरी ऐकलंत. वळून म्हणालात, लावलं असतं रे, पण मापाचं मिळत नाय. तेव्हापासनं ते सगळे तुम्हाला घाबरायला लागले आणि तुमच्यावर जीवही टाकायला लागले. दोन्ही एकदमच झालं.

त्या पहिल्या दिवशी जाताना तुम्ही संदेशच्या डोळ्यांत जरा जास्तच वेळ बघितलंत. मला ते दिसलं. माझा मोबाइल मागितलात आणि तुमचा नंबर घातलात. काय नावाने ठेवू विचारलं तर म्हणालात, झाकण म्हणून ठेव, घाईत पटकन सापडेल.

त्याचं मला माहीत होतं आणि माहीत नव्हतं, असं होतं मॅडम. मासेमारीची बंदी लागली की होड्या वर ओढतात, ताडपत्र्या घालतात, आणि मग पुरुषमाणसांना काम नसतं. कोण पत्ते खेळतं, कोण दारू पितं. ह्यांच्यातले काहीजण, संदेशपण, बर्फाच्या कारखान्यामागे जायला लागले. पावडर. आधी ओढायची, मग काहीजण टोचूनही घ्यायला लागले. मी रडले, भांडले, पोटात स्वरा असताना माहेरी जाऊन बसले, परत आले. ज्या वर्षाचं मी सांगत्ये त्या वर्षी सासूबाईंनी त्याला गणपतीपुळ्याकडे मामाकडे धाडलेलं, इथली संगत सुटावी म्हणून. तिकडे राहिला आणि खरंच सुटलं. चांगला जाडजूड होऊन आला. आम्ही देवाला नारळ दिला. आणि आल्यावर एक दिवस तो त्या कारखान्यामागे गेला आणि त्याने जेवढी पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतलीन. तुम्ही नंतर मला समजावलंत, की सोडल्यावर शरीर विसरतं, आणि मग जुनं माप म्हणजे विषच. तेव्हा आम्हाला काय ठाऊक. आम्हाला वाटायचं, सुटलं म्हणजे धोका संपला.

दुपार होती. आला, पडवीत आडवा झाला आणि घोरायला लागला. मला बरं वाटलं हो. सासूबाई म्हणाल्या झोपू दे, घोरतोय म्हणजे लागलीय झोप. आमच्यात असंच. पुरुष पिऊन आला आणि घोरायला लागला की घरातल्या बायका मोकळ्या होतात, आता हा उठेपर्यंत भांडण नाय, मार नाय. मीपण स्वराला पाजायला घेतलं. आणि पाजता पाजता माझं लक्ष गेलं की ते घोरणं लांब लांब होत चाललंय. एक यायचं, मग काहीच नाय, मग एक. आणि मग त्यातनं पाण्यातनं बुडबुडे आल्यासारखा आवाज. जाऊन बघते तर ओठ जांभळासारखे.

सासूबाईंनी बघितलंनी आणि कपाळावर हात मारलानी. घरघर लागली म्हणाल्या. आत गेल्या त्या तुळशीचं पान आणि पाणी घेऊनच आल्या, तोंडात घालायला. शेजारचे धावले. एकजण म्हणतो लिंबू पिळा तोंडात, एकजण म्हणतो डोक्यावर पाणी ओता. म्हणजे बघा मॅडम, आमच्याकडे दोनच गोष्टी. घोरतोय तर झोपू द्या, आणि घरघर लागली तर पाणी घाला. मधलं काय नाय. मी झाकण लावलं. म्हणजे तुम्हाला फोन.

पत्र्यावर पाऊस धडधडत होता, माणसं ओरडत होती, स्वरा रडत होती. तुम्ही म्हणालात, तोंडात काही घालू देऊ नको. कोणालाच. मी सासूबाईंच्या हातातनं पेला ओढला आणि लांब टाकला. लग्न झाल्यापासनं मी त्यांना उलट बोलले नव्हते. मग तुम्ही म्हणालात, त्याला कुशीवर घे.

मी ऐकलं, कुशीत घे.

मला वाटलं संपलं. मॅडम सांगतायत की आता काय होणार नाय, शेवटचं जवळ घे. कशी आडवी झाले मला माहीत नाय. पोरीला पाजायला जशी निजते तशी त्याच्या बाजूला निजले, त्याचा खांदा आणि गुडघा माझ्याकडे ओढला, डोकं दंडावर घेतलं, तोंड खाली. आणि त्याच्या तोंडातनं भडाभडा सगळं माझ्या अंगावर आलं. आणि त्याने श्वास घेतलान. असा ओढलान, की बाहेरची माणसं गप्प झाली.

फोन बाजूला पडलेला, त्यातनं तुम्ही ओरडताय, घेतलंस का कुशीवर, घेतलंस का. मी म्हटलं घेतलंय मॅडम, कुशीत घेतलंय. मग तुम्ही सांगत गेलात तसं करत गेले. हाक मार. गालावर चापट मार. छातीचं हाड बुक्कीने घास. श्वास थांबला तर उताणा कर, मान मागे कर, नाक दाब आणि तोंडाने तोंडात फुंक. थांबला. मी फुंकलं. सगळ्या आवाठासमोर नवऱ्याच्या तोंडाला तोंड लावून. सासूबाईंनी तोंड फिरवलंनी, एक म्हातारे काका तर पडवीतनं उतरूनच गेले. मला कसली लाज, मला माझ्याच छातीत हवा पुरत नव्हती.

अँब्युलन्स आली, मागनं तुमची गाडी. सिस्टरांनी इंजेक्शन दिलंनी. आणि जरा वेळाने हा मेलेला माणूस उठून बसला आणि शिव्या द्यायला लागला. कोणी उठवलंनीत मला, म्हणून. माझ्या आईबापावरनं, तुमच्यावरनं. मी हात जोडले, म्हटलं मॅडम मनावर घेऊ नका. तुम्ही जमिनीवर बसलेल्या, साडी चिखलाने भरलेली, म्हणालात, देऊ दे गो, शिव्या द्यायला श्वास लागतो. मग त्याला म्हणालात, आता माझ्याबरोबर हॉस्पिटलात चल आणि तिकडे दे, कारण हे इंजेक्शन उतरलं की तू परत खाली जाशील. आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला स्वतः उचललंत.

हॉस्पिटलात तुम्ही मला विचारलंत, एवढं नीट कुशीवर घ्यायला तुला कोणी शिकवलं? गुडघा वाकवलेला, हात डोक्याखाली, तोंड खाली, अगदी बरोबर. मी म्हटलं तुम्हीच तर सांगितलंत, कुशीत घे. तुम्ही म्हणालात, मी कुशीवर म्हटलं. मी म्हटलं नाय, कुशीत. तेव्हा तुम्हाला कळलं. मग हसायला लागलात ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मी पण हसले, अंगाला अजून ओकारीचा वास, पोरगी शेजारणीकडे, नवरा सलाइनवर, आणि आपण दोघी त्या बाकड्यावर.

मग तुम्ही बंदरावर सगळ्या खलाशांना आणि बायकांना जमवून शिकवायला लागलात तेव्हा कुशीवर म्हणायचं सोडलंत. तुमच्या बरोबरचा तो तरुण डॉक्टर म्हणाला, मॅडम, पुस्तकात वेगळं आहे. तुम्ही म्हणालात असू दे. कुशीवर म्हटलं की गुडघा कुठे आणि हात कुठे विचारत बसतात, कुशीत म्हटलं की कोणाला विचारावं लागत नाय, पोर सगळ्यांनी घेतलेलं असतं. एक खलाशी मागनं बोलला, आमचा तांडेल कोणाच्या कुशीत मावणार नाय. आणि तो तांडेल, होडीचा म्होरक्या, तिथेच बसलेला, पोट घेऊन. तुम्ही म्हणालात, मग दोघे मिळून घ्या. आणि तांडेलाला उठवून चटईवर आडवा पाडलात आणि दोघांकडनं करून घेतलंत. सगळं बंदर हसत होतं. मी हसत नव्हते. मी बघत होत्ये की गुडघा बरोबर वाकवतात का.

आता आपली भांडणं. ती कोण शोकसभेत सांगणार नाय, म्हणून मी सांगत्ये.

पहिलं पोलिसांचं. मी तुम्हाला म्हटलं ह्याला पोलिसांत द्या, आत टाका, आत राहिला तर जिवंत राहील. तुम्ही म्हणालात, पोलिसांचं नाव निघालं की पुढच्या वेळी तुझी शेजारीण मला फोन करणार नाय, आणि तिचा नवरा मरेल. मला तेव्हा शेजारणीच्या नवऱ्याचं काय पडलेलं नव्हतं. मी तुम्हाला तोंडावर तसं बोलले. तुम्ही म्हणालात, म्हणून तर ते मला पडलंय.

दुसरं गोळीचं, जे कधी मिटलं नाय. तुम्ही त्याला पावडरीची ओढ लागू नये म्हणून ती जिभेखालची गोळी लावलीत. रोज सकाळी गोळीसाठी तुम्ही सुरू केलेल्या त्या खोलीत जायचं, सिस्टरांसमोर गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत न बोलता बसायचं, मग तोंड उघडून दाखवायचं आणि कामाला जायचं. लोक म्हणायला लागले, सरकारी नशा. माझ्या आईनेपण फोनवर विचारलंन, एक सोडून दुसरी धरलीन का? मी तुमच्याकडे आले आणि विचारलं, ही कधी बंद होणार? तुम्ही विचारलंत, सासूबाईंची शुगरची गोळी कधी बंद करणार? मी म्हटलं शुगर आजार आहे. तुम्ही म्हणालात, हापण. मी म्हटलं ह्याने स्वतः ओढवून घेतलान. तुम्ही म्हणालात, सासूबाईंनी लाडू काय डोळे मिटून खाल्लानी? मला हसू आलं, पण पटलं नाय. मी सांगितलंपण की पटलं नाय. तुम्ही म्हणालात, पटू नको, त्याला फक्त रोज धाड.

मी रोज धाडलं. तो होडीवर परत गेला. ते गोळ्यांचं, समुद्रावर जाताना कसं, ते तुम्ही सिस्टरांशी बोलून बसवलंत, त्याला लांबच्या होडीवरनं काढून रोज घरी येणाऱ्या होडीवर लावलात, तांडेलाशी स्वतः बोललात. घरात परत मासळी यायला लागली, हसणं यायला लागलं. आणि तरी मी विचारत राहिले. कधी बंद?

आणि तिसरं, माझ्या झोपेचं. तो निजला की मला झोप लागत नाय. छातीवर हात ठेवून बसत्ये. घोरला तरी भीती, नाय घोरला तरी भीती. दिवसा मग डोळे मिटतात. एकदा दूध उतरवताना तसंच झालं आणि सगळं हातावर आलं. तुम्ही पट्टी बांधताना किती ओरडलात मला. म्हणालात, हे दूध पोरीवर आलं असतं तर? एवढी वर्षं मी विहिरी झाकत फिरले आणि तू घरात उघडी विहीर होऊन बसलीस. लागलं मला ते. घरी येऊन रडले. नंतर तुम्ही आशाताईबरोबर गॅसचा कट्टा बघायला आलात, पातेल्याचे कान भिंतीकडे वळवून ठेवायला शिकवलंत, पण ते शब्द काय परत घेतले नाहीत. बरं केलंत.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा कोणाला सांगितलं नाहीत. रजा म्हणालात. मला सिस्टरांकडनं कळलं आणि मी स्वराला घेऊन एस्टीने राजापूरला तुमच्या भावाच्या घरी आले. येताना सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन आले, तुम्हाला आवडतात म्हणून. आल्यावर कळलं की तुम्हाला आता वासच सहन होत नाय. तुमच्या भावजयीने ती पिशवी हळूच बाहेर नेऊन ठेवलीन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही खाटेवरनं म्हणालात, कोण आलंय ते मला वासावरनं कळलं.

किती लहान झालेल्या तुम्ही. हात स्वराच्या हातासारखे. स्वरा तुमच्या औषधांकडे गेली तसं पहिल्यांदा भावजयीला म्हणालात, ते वर ठेव. मग मला जवळ बसवलंत.

त्या दिवशी तुम्ही मला एक सांगितलंत. नव्या नव्या डॉक्टर होतात तेव्हा बंदरावरची तरुण पोरं अशीच जायची, सकाळी उठवायला गेलं की गार. घरचे सांगायचे, घोरत होता, चांगला झोपला होता. आणि तुम्हीपण लिहायचात, झोपेत मृत्यू. लोक म्हणायचे पुण्यवान, झोपेत गेला. तुम्ही म्हणालात, "मी पण तेच समजायचे गो. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, मीसुद्धा नाय. ती झोप नव्हती." मग म्हणालात की तेव्हापासनं झोपलेलं माणूस दिसलं, स्टँडवर, देवळात, कुठेही, की तुम्ही आधी त्याचं पोट हलतंय का ते बघता. मी म्हटलं, मग मला का ओरडता? तुम्ही हसलात. म्हणालात, मला त्याचा पगार मिळतो.

आणि मी परत विचारलं. मेल्या माणसालापण सोडणार नाय अशी मी. म्हटलं मॅडम, गोळी कधी बंद? तुम्ही म्हणालात, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाय. मग जरा दम खाऊन म्हणालात, ज्या दिवशी त्याला नको वाटेल आणि तुला भीती वाटणार नाय, त्या दिवशी दोघं या, हळूहळू कमी करू. मी विचारलं, मला भीती कधी वाटणार नाय? तुम्ही डोळे मिटलेत. मी थांबले. भावजय आली आणि म्हणाली, झोप लागलीय. मी तुमच्या पोटाकडे बघितलं. हलत होतं. मग एस्टी पकडली.

उपकार झाले असं काय मी बोलले नाय. आमच्यात बोलत नाहीत, सोडे देतात. ते पण तुम्हाला खाता आले नाहीत. हे राहिलंच मॅडम.

तर फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगत्ये. बंदरावर रात्रीपासनं एकच चर्चा. मॅडम गेल्या, खोली गेली. नवीन साहेब येणार, त्यांना ही असली माणसं नको आहेत. खोलीला कुलूप लागणार. कोण म्हणे लागलंच. संदेशने सगळं ऐकलंन. सकाळी चहा घेतलान, पोरीचा मुका घेतलान आणि गेला. गोळी घेऊन आला की तो होडीवर जायच्या आधी न्याहारीला घरी येतो, नेहमी. त्या दिवशी आला नाय. घावणे गार झाले. फोन लावला, बंद. परत लावला, बंद.

मी पोरीला काखोटीला मारलं आणि धावत सुटले. चपला नव्हत्या पायात, हे मला नंतर कळलं. बंदरावर जाळी पसरलेली, त्यातनं उड्या मारत गेले, बायका विचारतायत काय झालं काय झालं. वाटेत संदेशच्या ओळखीचा एक खलाशी उलट येत होता. मी विचारलं. तो म्हणाला, खोलीचं दार लावलेलं आहे, आम्ही परत चाललो. संदेश कुठे, तर बघितला नाय. आणि म्हणाला, कारखान्यामागे आज बराच माल आलाय म्हणतात.

मी आधी तिकडेच गेले मॅडम. खोलीकडे नाय गेले. माझा विश्वासच तेवढा. पोरीचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं आणि त्या भिंतीमागे गेले. दोघे तिघे पडलेले. मी एकेकाचं तोंड बघितलं. पोट हलतंय का बघितलं. एकाचा शर्ट संदेशच्या शर्टासारखा निळा होता, त्याच्याजवळ जाईपर्यंत माझं काय झालं ते मी लिहू शकत नाय. तो नव्हता. संदेश नव्हताच तिकडे.

मग खोलीकडे. दार अर्धं लोटलेलं आणि संदेश दारात उभा. एका पोराला दंडाला धरून सांगत होता, अरे उघडं आहे, लोटलंय फक्त, सिस्टर आत आहेत, चल. तो पोरगा आत गेला. मग संदेश मागे वळून दुसऱ्याला हाक मारणार, तर समोर मी. म्हणाला, तू कशाला आलीस अशी? पायाला काय झालं?

धाप. त्यानेच सांगितलंन. तो आला तेव्हा सिस्टर आत एकट्या बसून रडत होत्या, दार लोटून. लोटलेलं दार बघून माणसं परत जात होती. ह्याने आपली गोळी घेतलीन आणि मग प्रत्येकाला फोन करत बसला, खोली चालू आहे या, खोली चालू आहे या, ते फोनची बॅटरी संपेपर्यंत. मग दारात उभा राहिला.

सिस्टर बाहेर आल्या, डोळे सुजलेले. मी विचारलं, गोळ्या आहेत? उद्या? परवा? त्या म्हणाल्या, आहेत गो. काल मला सुचतच नव्हतं काय सांगू. औषध जिल्ह्यातनं येतं, मॅडमच्या पिशवीतनं नाय. आजारी पडल्या तेव्हाच सगळं बसवून गेल्यात, कोणी साहेब आला तरी चालेल असं. मला म्हणालेल्या, "माझ्यावाचून एक दिवस जरी खोली बंद राहिली तर मी काम केलं असं म्हणू नका."

मी तिथेच पायरीवर बसले. आणि मॅडम, मी हसायला लागले. तुमच्या दुखवट्याच्या दिवशी, तुमच्या खोलीच्या पायरीवर, पाय रक्ताने भरलेले, पोरगी मांडीवर, आणि मी हसत्येय. सिस्टर म्हणाल्या हसतेस काय अशी. आत जाणारे बघत होते, हिला काय झालं. मला थांबवता येईना. पोरगीपण हसायला लागली, तिला काय, आई हसते म्हणून. संदेश म्हणाला, घरी जाऊया. मी म्हटलं, थांब, अजून तो एक बाहेर उभा आहे बघ, त्याला आत घे आधी. त्याने घेतलान.

मग रिक्षात बसलो. रिक्षा वळणावर आली आणि तेव्हा मला आठवलं, की तुम्ही गेलात. म्हणजे खरंच गेलात. आता मी कोणाशी भांडणार? कालपासनं मी घाबरण्यातच होत्ये, मला तुमच्यासाठी फुरसतच मिळाली नव्हती. संदेशने पोरीला माझ्याकडनं घेतलंन, रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगितलंन, आणि मी तुमच्यासाठी रडले. घर येईपर्यंत, पोट भरून.